डूनकाठचा एक शब्द

एअर या गावाच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की क्लाइडच्या खाडीपलीकडे ॲरन बेटाचे डोंगर दिसतात. हवा स्वच्छ असेल तरच दिसतात, आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ती पुष्कळदा तशी नसते. भाचीच्या बाळंतपणासाठी मी ग्लासगोला गेले होते. बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर एक दिवस आम्ही तिघे आगगाडीने एअरला आलो. सकाळभर पावसाची झिमझिम चालू होती. दुपारी पाऊस थांबला, ढग वर सरकले आणि पाण्यापलीकडे निळसर डोंगरांची एक ओळ हळूहळू उमटली. बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी तिकडे पाहिले आणि आम्हाला सांगितले की स्वतःशीच म्हटले हे कळू नये अशा आवाजात एकच शब्द उच्चारला : 'बॉनी'. थोड्या वेळाने त्यांनी बाबागाडीत डोकावून पाहिले आणि बाळालाही तोच शब्द लावला. निघताना, अखेर दिवस उघडला याचे समाधान बोलून दाखवताना, तो तिसऱ्यांदा आला. त्या बाईंनी जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट केली. ती मी शेवटी सांगणार आहे, कारण तिचा अर्थ मला बऱ्याच उशिरा उमगला.

डोंगर, मूल आणि दिवस, या तिघांना एकच विशेषण. मराठीत आपण डोंगराला सुंदर म्हणू, बाळाला गोजिरवाणे म्हणू आणि दिवसाला छान म्हणू. पण त्या बाकावर बसल्या बसल्या मला माझ्या आजीची आठवण झाली. ती अमरावतीकडची. तिच्या बोलण्यात पीक साजरे असायचे, लुगडे साजरे असायचे आणि शेजारणीचे तान्हे मूलही 'साजरं पोट्टं' असायचे. पुण्यामुंबईच्या मराठीत हा शब्द विशेषण म्हणून जवळजवळ एका म्हणीपुरताच उरला आहे : दुरून डोंगर साजरे. वऱ्हाडात मात्र तो अजून रोजच्या वापरात आहे. आजीला तो शब्द उच्चारताना कधी विचार करावा लागला नाही, आणि त्या स्कॉटिश बाईंनाही 'बॉनी' म्हणताना तो करावा लागला नाही, एवढे त्यांच्या आवाजावरून समजत होते.

'बॉनी' मला शाळेपासून ठाऊक होता, मात्र तो शब्द म्हणून नव्हे, तर नाव म्हणून. संगीताच्या तासाला आम्हाला एक इंग्रजी गाणे शिकवले होते : माझी बॉनी समुद्रापलीकडे आहे, तिला माझ्याकडे परत आणा. माझ्या डोळ्यांसमोर बॉनी नावाची एक मुलगी उभी राहत असे. ती जहाजाच्या कठड्याला टेकून उभी आहे आणि जहाज दूर जात आहे, असे मी कित्येक वर्षे पाहत होते. ते गाणे स्कॉटिश लोकगीत म्हणून जगभर गायले जाते आणि त्यातली 'बॉनी' कोणा मुलीचे नाव नाही, हे फार पुढे कळले. 'माय बॉनी' म्हणजे माझे लाडके, माझे देखणे माणूस. ते स्त्री आहे की पुरुष, हे गाण्यात स्पष्ट होत नाही. अमेरिकेत आणि इतरत्र पुढे बॉनी हे मुलींचे नाव खरोखरच रूढ झाले, तेव्हा मुलांच्या कानांनी जे केले तेच पुढे मोठ्यांच्याही कानांनी केले, असे म्हणता येईल.

लहान मुलाचा कान आणि हा शब्द यांची आणखी एक गोष्ट आहे आणि ती इंग्रजी भाषेच्या इतिहासात नोंदली गेली आहे. १५९२ च्या फेब्रुवारीत फाइफमधल्या डॉनिब्रिसल येथे मरेच्या अर्लची, जेम्स स्टुअर्टची, हंटलीच्या अर्लने हत्या केली. हा तरुण सरदार देखणा म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या आईने मुलाच्या शवाचे, अंगावरच्या जखमांसकट, चित्र काढवून घेतले; न्याय मागण्यासाठी तो तिचा पुरावा होता. लोकांनी त्याच्यावर एक शोकगीत रचले आणि त्यात त्याला 'बॉनी अर्ल' म्हटले. या गीतात अशी एक ओळ आहे, की शत्रूंनी त्याला मारले आणि हिरवळीवर निजवले. सिल्व्हिया राइट नावाची एक अमेरिकन लेखिका लहानपणी आईच्या तोंडून हे गीत ऐकत असे आणि 'त्याला हिरवळीवर निजवले' या शब्दांऐवजी तिला 'आणि लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकू येत असे. तिच्या मनातल्या चित्रात बॉनी अर्ल एकटा मरत नव्हता; त्याच्याबरोबर प्राण देणारी एक विश्वासू स्त्री होती. १९५४ साली तिने यावर लेख लिहिला आणि चुकीच्या ऐकण्यातून जन्मलेल्या अशा शब्दांना इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' हे नाव मिळाले. ही गोष्ट मी गमतीची म्हणून सांगत नाही. बॉनी म्हणवल्या गेलेल्या माणसाला एकटे मरू द्यायचे नाही, असे त्या लहान मुलीला वाटले, आणि माझ्या मते तिने गीताचे शब्द चुकीचे ऐकले तरी त्याचा भाव अगदी अचूक ऐकला.

आता शब्दाच्या मुळाकडे वळते. इंग्रजी आणि तिच्याशी जवळचे नाते असलेली स्कॉटलंडची स्कॉट्स, या दोन्ही भाषांचे कोशकार येथे जपून बोलतात. बहुतेकांचे मत असे, की 'बॉनी'चा संबंध जुन्या फ्रेंचमधल्या 'बॉन' म्हणजे 'चांगला' या शब्दाशी असावा, आणि फ्रेंच शब्द लॅटिनमधल्या 'बोनुस' वरून आला आहे. मात्र फ्रेंच 'बॉन'चे 'बॉनी' नेमके कसे झाले, शेवटची 'ई' कोठून आली, याचे निर्विवाद उत्तर कोणीही दिलेले नाही. हे मूळ मान्य केले, तर एक मजेदार नातेही मान्य करावे लागते. दिवाळीला कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून ज्याची वाट पाहिली जाते, तो आपला 'बोनस' त्याच लॅटिन शब्दाचा थेट वारस आहे. म्हणजे एअरच्या किनाऱ्यावरची 'बॉनी' आणि गिरणगावातला 'बोनस' ही एकाच घराण्यातली दूरची भावंडे ठरतात.

स्कॉटलंडमध्ये या व्युत्पत्तीला एक लोकप्रिय कथा जोडली जाते. १२९५ मध्ये स्कॉटलंड आणि फ्रान्स यांनी इंग्लंडविरुद्ध तह केला आणि 'जुनी मैत्री' या नावाने ओळखला जाणारा हा संबंध १५६० पर्यंत टिकला. या काळात आणि त्याच्या आगेमागे स्कॉट्स भाषेत फ्रेंच शब्द खूप आले. मोठ्या ताटाला स्कॉट्समध्ये 'ॲशेट' म्हणतात, तो फ्रेंच 'आसिएत'. 'स्वतःला त्रास करून घेऊ नकोस' हे सांगताना जो 'फॅश' वापरतात, तोही फ्रेंचच. त्यामुळे 'बॉनी' सुद्धा या मैत्रीतूनच आला, असे अनेक जण मोठ्या अभिमानाने सांगतात. मला ही कथा आवडते, पण ती पुरेशी नाही. मध्ययुगीन इंग्रजीतही हा शब्द आहे, शेक्सपिअरच्या नाटकांतही तो येतो, आणि उत्तर इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलच्या बाजूला, तो आजही बोलला जातो. तिथे ओळखीच्या किंवा अनोळखी पुरुषालाही सहज 'बॉनी लॅड' अशी हाक घालतात. तेव्हा अकराव्या शतकात फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून तो आधी इंग्रजीत उतरला असेल आणि दक्षिणेत मागे पडून उत्तरेत टिकला असेल, ही शक्यता अधिक दिसते. वऱ्हाडात 'साजरा' टिकला आणि पुण्यात तो म्हणीपुरता उरला, त्यासारखेच हे. राजधानीपासून दूर गेलेला शब्द पुष्कळदा दीर्घायुषी होतो.

मला खरा विचार करायला लावला तो 'चांगला' कडून 'सुंदर' कडे झालेल्या प्रवासाने. लॅटिन 'बोनुस'चे त्याहून जुने रूप 'दुएनोस' असे होते. या जुन्या रूपाला लडिवाळपणा दाखवणारा प्रत्यय लागून, 'चांगलासा', 'छानुला' अशा अर्थाने, एक दुसरा शब्द तयार झाला आणि झिजत झिजत त्याचे 'बेल्लुस' झाले. 'बेल्लुस' म्हणजे सुंदर. त्यापासून फ्रेंचमधले 'बो' आणि 'बेल' आले आणि इंग्रजीतला 'ब्यूटी' आला. म्हणजे 'ब्यूटिफुल' हा प्रतिष्ठित शब्द आणि 'बॉनी' हा बोलीतला मानला गेलेला शब्द, दोघांच्याही मुळाशी एकच 'चांगला' आहे. एकाला शिष्ट समाजात मान मिळाला, दुसरा शेतात, किनाऱ्यावर आणि पाळण्यापाशी राहिला.

मराठीत हा प्रवास नेमका उलट झाला आहे, हे लक्षात आले तेव्हा मी चकित झाले. आपला 'चांगला' हा शब्द संस्कृत कोशांत आणि प्राकृतात असलेल्या 'चंग' शी जोडला जातो, आणि 'चंग'चा तिथला एक प्रमुख अर्थ सुंदर, देखणा असा आहे. म्हणजे लॅटिनकडून निघालेला शब्द चांगुलपणाकडून सौंदर्याकडे गेला आणि आपला शब्द सौंदर्याकडून चांगुलपणाकडे आला. दोन्ही वाटा एकाच पुलावरून जातात. जे पाहून बरे वाटते ते चांगलेच असणार, आणि जे चांगले आहे ते पाहून बरे वाटणारच, अशी समजूत त्या पुलाखाली असावी. ती नेहमी खरी ठरत नाही, हे आपण सारे अनुभवाने जाणतो. भाषेने मात्र तिच्यावरचा विश्वास सोडलेला नाही.

म्हणूनच 'बॉनी'चे भाषांतर नुसते 'सुंदर' असे केले, की काहीतरी निसटते. बाळाला बॉनी म्हणताना त्यात अंगाने भरलेले, निरोगी, टवटवीत हा अर्थ मोठा असतो. इंग्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये 'बॉनी बेबी' स्पर्धा भरत असत, आणि आपल्याकडच्या सुदृढ बालक स्पर्धांशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते. आपला 'गुटगुटीत' तिथे अगदी चपखल बसेल. लढवय्याही बॉनी असतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या 'किडनॅप्ड' या कादंबरीत ॲलन ब्रेक जहाजावरची चकमक जिंकल्यावर आपल्या तरुण सोबत्याला विचारतो, की मी बॉनी लढवय्या आहे की नाही. तिथे चेहऱ्याचा काहीही संबंध नाही. पैशाची मोठी रक्कमही बॉनी असते. आणि आपण एखाद्या गोंधळाला 'छान झाले!' म्हणतो, तसा तो वैतागूनही वापरला जातो.

स्कॉट्समधले सौंदर्याचे इतर शब्दही असेच कोठून कोठून आलेले आहेत. 'ब्रॉ' म्हणजे झकास, नटलेला. तो 'ब्रेव्ह' या शब्दाचे रूप आहे, म्हणजे त्याच्या मुळाशी शौर्य आहे. 'सॉन्सी' म्हणजे गोल गरगरीत, हसऱ्या चेहऱ्याचा. तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेतल्या, सुदैव या अर्थाच्या शब्दावरून आला. शौर्य, दैव आणि चांगुलपणा, या तिन्हींतून त्या मुलखाने देखणेपण घडवले. गोऱ्या कातडीवरून किंवा नाकाच्या धारेवरून ते घडवले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

किनाऱ्यावरून आम्ही ॲलोवेला गेलो. एअरच्या अगदी लगत असलेल्या या खेड्यात २५ जानेवारी १७५९ रोजी रॉबर्ट बर्न्सचा जन्म झाला, आणि 'बॉनी' हा शब्द जगभर गेला तो मुख्यतः त्याच्या कवितांतून. त्याने स्वतः तो बहुधा एकाच 'एन'ने लिहिला. आपल्या एअर गावाची स्तुती करताना त्याने म्हटले, की सच्चे पुरुष आणि बॉनी मुली यांच्या बाबतीत या गावावर मात करणारे दुसरे गाव नाही. इथल्या फुटबॉल संघाला आजही 'सच्चे पुरुष' याच टोपणनावाने ओळखतात. बर्न्सच्या घराजवळून डून नदी वाहते. नदी म्हणून ती लहानच आहे. तिच्यावरचा जुना कमानीचा पूल चढून मी मधोमध उभी राहिले, तेव्हा दोन्ही काठांची झाडे पाण्यावर वाकलेली दिसत होती आणि एक पक्षी न दिसता गात होता. १७९१ मध्ये लिहिलेल्या बर्न्सच्या गीतात एक फसवली गेलेली स्त्री याच काठाला विचारते, की मी इतकी दुःखात असताना तू एवढा ताजा कसा फुलतोस. फांदीवर गाणाऱ्या पक्ष्याला ती 'बॉनी' म्हणते आणि त्याच वाक्यात म्हणते, की तू माझे काळीज फोडशील.

त्या पुलावर माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली, की हा शब्द आनंदाच्या क्षणी जितका येतो, तितकाच किंवा त्याहून जास्त गमावण्याच्या क्षणी येतो का? परत आल्यावर मी आठवत आणि वाचत गेले, आणि शंका पक्की होत गेली. १७८६ च्या वसंतात नांगर धरलेला असताना बर्न्सच्या फाळाखाली एक डेझीचे फूल आले. त्याने त्याच्यावर कविता लिहिली आणि त्या फुलाला बॉनी रत्न म्हटले. फूल तोवर चिरडले गेले होते आणि त्याला वाचवणे आता आपल्या हाती नाही, असे तो तिथेच सांगतो. एका ठेंगण्या, नाजूक स्त्रीसाठी त्याने गीत लिहिले, त्यात तो म्हणतो, की या बॉनी चिमुकलीला मी छातीशी धरून ठेवीन, नाहीतर माझे रत्न हरवेल. अजून काहीच हरवलेले नाही, तरी हरवण्याची भीती शब्दाला चिकटलेली आहे.

लोकगीतांत तर हे सर्वत्र आहे. लॉक लोमंड या सरोवराचे काठ आणि उतार बॉनी आहेत, पण ते गाणारा माणूस पुन्हा आपल्या प्रियेला तिथे भेटणार नाही. त्या गीताचा एक अर्थ असा लावतात, की कार्लाइलच्या तुरुंगात दोन स्कॉटिश कैदी आहेत. एकाची सुटका होणार आहे आणि एकाला फाशी. सुटणारा वरच्या रस्त्याने घरी जाईल, मरणारा खालच्या रस्त्याने, म्हणजे मृतांच्या वाटेने, त्याच्या आधी पोचेल. गीताचा उगम खरोखर असा आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी लोकांना हा अर्थ पटला, यातच मला महत्त्व वाटते. ज्याला परतता येत नाही, त्याच्याच तोंडी काठ बॉनी होतात.

आणि मग राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, ज्याला सारे जग 'बॉनी प्रिन्स चार्ली' म्हणते. ३१ डिसेंबर १७२० रोजी तो रोममध्ये जन्मला. राज्य गमावलेल्या घराण्याचा हा वारस १९ ऑगस्ट १७४५ रोजी ग्लेनफिनन येथे निशाण उभारून बापाच्या गादीसाठी लढायला उभा राहिला. डोंगराळ मुलखातल्या टोळ्या त्याच्यामागे आल्या, एडिनबर्ग हाती आले, सैन्य इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत पोचले आणि तिथून मागे फिरले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत सारे संपले. पुढचे पाच महिने तो बेटांत आणि डोंगरांत लपत राहिला; फ्लोरा मॅकडॉनल्ड या तरुणीने त्याला दासीच्या वेषात स्काय बेटावर नेले. त्याच्या डोक्यासाठी ३०,००० पौंडांचे इनाम लावले होते, आणि त्याला पाहिलेल्या, आसरा दिलेल्या गरीब माणसांपैकी कोणीही ते घेतले नाही. सप्टेंबरात तो फ्रान्सला निघून गेला आणि स्कॉटलंडचे राज्य घ्यायला पुन्हा कधीच आला नाही. १७८८ मध्ये रोममध्ये, दारूने खचलेल्या अवस्थेत त्याचा अंत झाला.

त्याच्यावरची जी गाणी आज सर्वांच्या ओठी आहेत, त्यांतली बरीचशी त्याच्या जाण्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिली गेली. 'बॉनी चार्ली आता गेला' असे म्हणून 'तू परत येणार नाहीस का' असे विचारणारे गीत कॅरोलिना ऑलिफंटचे, जिला लेडी नेअर्न म्हणून ओळखतात. तिचा जन्मच १७६६ चा, म्हणजे कलोडननंतर २० वर्षांनी. तिने तो माणूस कधी पाहिला नव्हता. त्याच्या नौकेला बॉनी म्हणणारे गीत हॅरोल्ड बोल्टनचे, १८८४ चे. तोवर मूळ घटनेला सुमारे १४० वर्षे झाली होती. रोममधल्या त्या सुजलेल्या, कडवट म्हाताऱ्याला कोणी बॉनी म्हटले नसते. बॉनी होता तो निघून गेलेला, समुद्रापलीकडचा चार्ली. माझ्या शाळेतल्या गाण्यातली 'बॉनी' म्हणजे हाच राजपुत्र, असेही काही जण मानतात. ते खरे असो वा नसो, दोघांना एकाच शब्दाने हाक मारली जाते आणि दोघेही पाण्यापलीकडे आहेत.

आपल्याकडे 'दुरून डोंगर साजरे' म्हणताना आपण दूर असण्याला दोष देतो : जवळ गेलात तर दगडधोंडेच दिसतील. स्कॉट्स गीतांत दूर असण्याने साजरेपण खोटे ठरत नाही. जवळ होते तेव्हाही ते साजरेच होते. दूर गेल्यावर ते म्हणून दाखवावेसे वाटले, इतकेच.

या शब्दाचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे, तो मला सांगितल्यावाचून राहवत नाही. १७८४ मध्ये, बर्न्स २५ वर्षांचा असताना, त्याच एअरशायरमध्ये व्हान्स केनेडी नावाचा मुलगा जन्मला. तो मोठा होऊन कंपनीच्या सैन्यात मुंबईला आला, इथल्या भाषा शिकला, आणि १८२४ साली त्याचा मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी कोश मुंबईत छापला गेला. मोल्सवर्थच्या थोर कोशापूर्वीचा हा प्रयत्न आता फारसा कोणाला आठवत नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हा बॅन्फचा, स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाचा. तिथल्या बोलीत मुलीला 'क्वाइन' म्हणतात आणि देखण्या मुलीला 'बॉनी क्वाइन'. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने उभे आहे, ते जॉन विल्सन लॉडरचे, दक्षिण स्कॉटलंडमधले. ते १८२९ मध्ये मुंबईत उतरले. या साऱ्यांच्या लहानपणी कानांवर 'बॉनी' पडलाच असणार. आपल्या 'सुंदर', 'चांगला', 'देखणा' या शब्दांसमोर इंग्रजी प्रतिशब्द ठेवताना केनेडीने शिष्ट इंग्रजी शब्दच ठेवले असतील; स्वतःच्या आईच्या तोंडचा शब्द त्याला तिथे मांडता येण्यासारखा नव्हता. शब्दकोश करणाऱ्या माणसाचे हे एकटेपण मला फार जाणवते.

खरे तर स्कॉट्स ही इंग्रजीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद जुना आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या शाळांनी मुलांना स्कॉट्स बोलल्याबद्दल दटावले आणि 'नीट बोला' असे बजावले. दुसरीकडे जॉन जेमीसनने १८०८ मध्येच तिचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केला, आणि विसाव्या शतकात १९३१ पासून १९७६ पर्यंत दहा खंडांचा राष्ट्रीय कोश तयार झाला. २०११ च्या जनगणनेत १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे सांगितले. माझ्या आजीलाही कोणी तरी कधी तरी 'साजरं नाही, सुंदर म्हणावं' असे सांगितले होते. ती पाहुण्यांसमोर 'सुंदर' म्हणायला शिकली, पण नातवंडांना मांडीवर घेतल्यावर मात्र तिच्या तोंडून 'साजरं'च यायचे. मला त्यातला फरक तेव्हाही कळत होता.

स्कॉट्स कोश चाळताना मला 'फोरस्पीक' हा शब्द भेटला आणि त्या बाकावरचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहिला. एखाद्या मुलाची किंवा जनावराची मर्यादेबाहेर स्तुती केली, तर त्याचे वाईट होते, अशी ईशान्य स्कॉटलंडमध्ये आणि ऑर्कनी बेटांत समजूत होती. त्या स्तुतीला फोरस्पीक म्हणत, आणि अशा स्तुतीने बाधलेल्या मुलावर उपाय करीत. म्हणजे आपली दृष्टच ती. त्यामुळे बाळाला बॉनी म्हणायचे, पण लगेच देवाचे नाव घेऊन ते शब्द सावरून घ्यायचे, असा जुना रिवाज होता. गीतांमधून मी जी भीती शोधत होते, ती पाळण्यापाशीही होती. आपण तीट लावतो, मीठमोहऱ्या ओवाळून टाकतो. जे फार साजरे आहे ते काढून घेतले जाईल, असे दोन्हीकडच्या बायकांना एकसारखे वाटत आले आहे.

तर त्या दिवशी बाबागाडीत वाकून 'बॉनी' म्हटल्यावर त्या बाईंनी अस्फुट आवाजात आणखी काही शब्द उच्चारले होते. ते मला कळले नव्हते. मग त्यांनी पर्स उघडून पन्नास पेन्सचे सातकोनी नाणे काढले आणि बाळाच्या उजव्या मुठीत सरकवले. भाची एकदम अवघडली. परक्या बाईकडून पैसे कसे घ्यायचे म्हणून ते परत द्यायला पुढे झाली. मी तिचा हात धरला. बाळाचे तोंड पाहिले की हातावर काहीतरी ठेवायचे असते, मोकळ्या हाताने पाहायचे नसते, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आजी त्यासाठी कमरेच्या चंचीत नाणी वेगळी बांधून ठेवत असे. स्कॉटलंडमध्येही हा रिवाज आहे आणि तिथे नाणे चांदीचे, निदान चांदीच्या रंगाचे, असावे असा संकेत आहे, हे पुढे कळले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. आमच्या दोघींत एकही समान शब्द नव्हता, एक सोडून. मी तो म्हटला. त्यांनी मान डोलावली आणि काठी टेकत त्या गावाच्या दिशेने निघून गेल्या.

संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो, तेव्हा ॲरन पुन्हा ढगात गेला होता. बाळ झोपले होते. भाचीने त्याच्या मुठीतले नाणे हळूच काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण मूठ सुटली नाही.